कढईतला स्फोट : पॉपकॉर्नची नवलकथा

तापलेल्या तेलात पॉपकॉर्नचा दाणा टाकला की सुरुवातीला काहीच घडत नाही. दाणा तेलात किंचित सरकतो, रंग जरासा गडद होतो, एवढंच. मिनिट-दीड मिनिट असं जातं आणि मग ‘फट्’ आवाज होऊन त्याच जागी एक पांढरंशुभ्र, वेडंवाकडं फूल उडालेलं असतं. मधला टप्पा डोळ्यांना दिसतच नाही. भात शिजताना तांदूळ हळूहळू फुगताना दिसतो, पोळी तव्यावर कडेकडेने रंग बदलते. इथे मात्र आधी दाणा, नंतर फूल. स्वयंपाकघरातलं हे बहुधा सर्वांत वेगवान रूपांतर असेल आणि आपण ते सहसा अंधारात, पडद्याकडे बघत, मूठमूठ तोंडात टाकून संपवतो.

पॉपकॉर्नचा मका वेगळा असतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पावसाळ्यात गाडीवर निखाऱ्यांवर भाजून, लिंबू-मीठ चोळून मिळणारं कणीस, मॉलमधलं वाफाळतं स्वीट कॉर्न, कोंबड्यांच्या खाद्यात जाणारा मका आणि पॉपकॉर्न ही सगळी एकाच वनस्पतीची भावंडं. पण शेतातला नेहमीचा मका वाळवून कढईत टाकला तर काही दाणे चिरतात, काही करपतात, फूल काही होत नाही. खात्रीने फुलतो तो झिया मेज एव्हर्टा या नावाचा प्रकार. त्याचे दाणे लहान आणि टणक असतात. साल जाड आणि घट्ट विणीची, इतकी की आत तयार झालेली वाफ सहजासहजी बाहेर पडत नाही. सालीखाली कडक, अर्धपारदर्शक पिष्टाचा थर आणि त्या पिष्टात मुरलेलं पाणी. हाताला कोरड्याठाक लागणाऱ्या या दाण्यांत वजनाच्या साधारण १४ टक्के पाणी असतं. पॉपकॉर्नची सगळी करामत या पाण्याची आहे.

दाणा तापू लागला की पाणीही तापतं. १०० अंश सेल्सिअस ओलांडल्यावर त्याला वाफ होऊन पसरायचं असतं, पण साल जागा देत नाही. म्हणजे प्रत्येक दाणा हा स्वतःपुरता एक प्रेशर कुकर होतो, फक्त त्याला शिट्टी नसते. घरातल्या कुकरमध्ये दाब बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट होतो आणि तापमान १२० अंशांच्या आसपास थांबतं. मक्याचा दाणा याच्या कितीतरी पुढे जातो. आतलं तापमान सुमारे १८० अंशांवर पोहोचतं आणि दाब हवेच्या दाबाच्या नऊ-दहा पट होतो. एवढ्या उष्णतेत कडक पिष्ट मऊ होऊन जवळजवळ वितळतं. मग सालीची सहनशक्ती संपते. साल फाटल्याबरोबर दाब एकदम कोसळतो, कोंडलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती मऊ पिष्टाला आतून फुगवत बाहेर धावते. पसरता पसरता पिष्ट थंड होतं आणि त्याच अवस्थेत गोठतं. आपण खातो तो पांढरा भाग म्हणजे पिष्टाचा गोठलेला फेस. दाण्यांनी भरलेली एक वाटी फुलली की चाळीसेक वाट्या होतात, त्या या फेसातल्या हवेमुळे.

या क्षणाचा अभ्यास करावा असं शास्त्रज्ञांनाही वाटलं, याचं मला फार समाधान आहे. एमॅन्युएल व्हिरो आणि अलेक्झांडर पोनोमारेंको या फ्रान्समधल्या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली. भट्टीचं तापमान दहा-दहा अंशांनी वाढवत त्यांनी दाणे तापवले. १७० अंशांवर जेमतेम एक तृतीयांश दाणे फुटले, १८० अंशांवर ९६ टक्के. म्हणजे दाणे लहानमोठे असले तरी फुटण्याची वेळ ठरवतं ते तापमान. सेकंदाला हजारो चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्याने त्यांना आणखी एक गोष्ट दाखवली. साल चिरल्यावर आधी पिष्टाचा एक छोटासा पाय बाहेर येतो. तो भांड्याच्या तळाला टेकतो, दाबला जातो आणि मग दाण्याला वर ढकलतो. पॉपकॉर्न उडतं ते या लाथेने. आणि तो आवाज? तो साल फुटल्याचा नाही, तळावर आपटल्याचाही नाही. चित्रं आणि ध्वनी जुळवून पाहिल्यावर त्यांनी असा निष्कर्ष काढला की वाफ बाहेर सुटते तेव्हा दाण्यातल्या पोकळ्या घुमतात आणि तोच आपल्याला ऐकू येणारा फटका.

भांड्याच्या तळाशी मात्र काही दाणे न फुटता राहतातच. लाह्या करणाऱ्या घरांत त्यांना गणंग म्हणतात. ते का फुटत नाहीत, याचं उत्तर अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात ब्रूस हॅमेकर यांच्या गटाने २००५ मध्ये दिलं. दोष बहुतेक वेळा सालीत असतो. साल भक्कम असेल तर तापल्यावर तिच्यातले सेल्युलोजचे धागे आणखी घट्ट रचले जातात आणि वाफ अडते. साल कमकुवत असेल किंवा तिला बारीकशी चीर असेल तर वाफ हळूहळू निसटते, दाब चढतच नाही आणि दाणा नुसता भाजून राहतो. दाणे जुने होऊन आतलं पाणी उडून गेलं असेल तरीही तेच. किराणा दुकानातून वर्षभरापूर्वी आणलेलं पाकीट ऐन पाहुण्यांसमोर दगा देतं, त्यामागे हे कारण असतं.

माणसाला ही युक्ती कधी कळली? मक्याचा जन्म मेक्सिकोतला. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात तिथल्या लोकांनी टिओसिंटे नावाच्या रानगवतातून निवडत निवडत मका घडवला. टिओसिंटेचं कणीस पाहिलं तर विश्वास बसत नाही. बोटाएवढं, त्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके दाणे आणि तेही दगडी कवचात बंद. असलं गवत कुणी खायला घेतलंच कसं, असा प्रश्न अभ्यासकांना पडे. जॉर्ज बीडल या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञाने त्यावर साधं उत्तर शोधलं. त्याने टिओसिंटेचे दाणे तापवले आणि ते फुटले, कवचातून बाहेर आले, खाता येण्याजोगे झाले. १९३९ मध्ये त्याने हे मांडलं. पुढे १९५८ मध्ये त्याला नोबेल मिळालं ते वेगळ्या कामासाठी, पण मक्याचा पूर्वज टिओसिंटेच, हे त्याचं म्हणणंही नंतर जनुकांच्या अभ्यासाने खरं ठरवलं. म्हणजे मका माणसाच्या ताटात प्रथम आला तो कदाचित लाहीच्या रूपात.

पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर पारेदोनेस आणि हुआका प्रिएता या ठिकाणच्या उत्खननात मक्याची जुनी कणसं, साली आणि ताटं सापडली. त्यांतली सर्वांत जुनी सुमारे ६,७०० वर्षांपूर्वीची आहेत. तिथले लोक मक्याच्या लाह्याही खात असत, असं या अवशेषांवरून संशोधकांनी २०१२ मध्ये नोंदवलं. विशेष म्हणजे त्या काळात त्या भागात मातीची भांडी अजून आलेली नव्हती. लाही भाजायला भांडं लागतंच असं नाही, गरम राख किंवा निखारेही पुरतात. सोळाव्या शतकात मेक्सिकोत राहिलेल्या बेर्नार्दिनो दे साहागुन या स्पॅनिश धर्मगुरूने अ‍ॅझटेक लोकांच्या चालीरीती तपशिलाने लिहून ठेवल्या. फुटलेल्या मक्याच्या माळा तिथल्या मुली नाचताना घालत आणि देवांनाही वाहत, हे त्याच्या लिखाणातून कळतं.

एक गोष्ट इथेच निकालात काढलेली बरी. १६२१ मध्ये अमेरिकेत गेलेल्या इंग्रज वसाहतकऱ्यांच्या पहिल्या आभारभोजनाला तिथल्या मूळ रहिवाशांनी पॉपकॉर्न आणलं होतं, असं मुलांच्या पुस्तकांत हमखास वाचायला मिळतं. त्या प्रसंगाच्या समकालीन लिखाणात पॉपकॉर्नचा उल्लेख नाही. गोष्ट छान आहे, पण ती एकोणिसाव्या शतकातली सजावट आहे.

खऱ्या इतिहासात रंगत कमी नाही. चार्ल्स क्रेटर्स हा गृहस्थ मूळचा मिठाईवाला. शेंगदाणे भाजायचं यंत्र सुधारता सुधारता त्याने वाफेच्या इंजिनावर चालणारं पॉपकॉर्नचं यंत्र बनवलं आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते नेलं. तोवर लोक जाळीच्या डब्यात दाणे घालून विस्तवावर हलवत. निम्मे करपत, निम्मे कच्चे राहत. क्रेटर्सच्या यंत्रात ते चरबी, लोणी आणि मिठाच्या मिश्रणात सारखे फुलत. यंत्राला चाकं लावता येत असल्यामुळे पॉपकॉर्न जत्रेत, सर्कशीच्या तंबूबाहेर, जिथे गर्दी तिथे जाऊ लागलं.

फक्त एका ठिकाणी त्याला मज्जाव होता. चित्रपटगृहात. आज हे ऐकून गंमत वाटेल. पण मूकपटांच्या काळातली मोठी चित्रपटगृहं नाट्यगृहांचा थाट मिरवत होती. जाड गालिचे, झुंबरं, प्रतिष्ठित प्रेक्षक. तिथे पायाखाली चुरडणारे लाहीचे तुकडे आणि कानाशी कुरकुर कोण सहन करणार? शिवाय मूकपटाला पाट्या वाचाव्या लागत, शांतता हवी असे. १९२७ नंतर बोलपट आले, कुरकुर संवादांत बुडून गेली आणि वाचता न येणाराही प्रेक्षक झाला. पाठोपाठ १९२९ ची आर्थिक मंदी आली. लोकांकडे पैसे नव्हते, पण पाच-दहा सेंटांची पॉपकॉर्नची पुडी परवडत होती. विक्रेते दाराबाहेर उभे राहू लागले, प्रेक्षक कोटाखाली पुड्या लपवून आत नेऊ लागले. कॅन्सस सिटीत ज्युलिया ब्रेडन नावाच्या बाईने तिथल्या लिनवूड थिएटरला गळ घालून दालनातच आपली गाडी लावली आणि १९३१ पर्यंत ती अशा चार ठेल्यांची मालकीण झाली होती. मालकांनी हिशेब केला तेव्हा त्यांचे डोळे उघडले. तिकिटाच्या पैशात चित्रपट बनवणाऱ्यांचा वाटा असतो, पॉपकॉर्नच्या पैशात नसतो. ज्याला दाराबाहेर ठेवलं होतं त्यानेच पुढे कितीतरी थिएटरं तगवली. दुसऱ्या महायुद्धात साखर तुटली, गोळ्या-चॉकलेटं दिसेनाशी झाली आणि अमेरिकेतला पॉपकॉर्नचा खप तिप्पट झाला.

हा हिशेब आजही बदललेला नाही. दिल्लीत १९९७ मध्ये देशातलं पहिलं मल्टिप्लेक्स सुरू झालं आणि मध्यंतरातला वडा-समोसा मागे पडून पॉपकॉर्नची बादली पुढे आली. तिच्या किमतीवरून आपल्याकडे किती वाद झाले ते वाचकांना ठाऊक आहेच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. बाहेरचे खाद्यपदार्थ आत न आणू देण्याचा अधिकार चित्रपटगृहाला आहे, असा निर्णय न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिला. पिण्याचं पाणी मोफत द्यायला हवं आणि तान्ह्या मुलांसाठी पालकांनी आणलेल्या वाजवी खाण्याला हरकत घेऊ नये, हेही न्यायालयाने सांगितलं. प्रेक्षकाच्या खिशाच्या बाजूने पाहिलं तर हा निम्माच दिलासा.

मायक्रोवेव्हचं श्रेयही थोडं पॉपकॉर्नकडे जातं. अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत रडारच्या यंत्रणेवर काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सरच्या खिशातली चॉकलेटची वडी १९४५ च्या सुमारास वितळली. लहरींनीच हे केलं का, हे पाहण्यासाठी त्याने यंत्रापुढे धरले ते मक्याचे दाणे, आणि ते फुटले. आजच्या मायक्रोवेव्हच्या पाकिटात तळाला धातूचा पातळ लेप दिलेला तुकडा असतो. तो लहरी शोषून इतका तापतो की दाण्यांना भांड्याचा तळ मिळाल्यासारखं होतं. या पाकिटांविषयी माझं मत मात्र फारसं चांगलं नाही. लोण्याचा वास यावा म्हणून त्यांत डायअ‍ॅसिटिल नावाचं रसायन वापरलं जाई. मिसुरी राज्यातल्या एका कारखान्यात ते सतत हुंगणाऱ्या कामगारांना फुप्फुसांचा बरा न होणारा आजार झाल्याचं २००० मध्ये उघड झालं. त्यानंतर बड्या कंपन्यांनी ते काढून टाकलं. पाकिटातून तेल झिरपू नये म्हणून कागदाला लावायची पीएफएएस गटातली रसायनंही अमेरिकेच्या बाजारातून मागे घेतली गेली, हे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ मध्ये जाहीर केलं. हे सगळं टाळायला घरातली एक कढई पुरते, मग पाकिटाचा हट्ट कशाला?

आपल्याकडे मका आला तो कोलंबसानंतर. पण दाणा फुलवून खाण्याची विद्या आपल्याला मक्याने शिकवलेली नाही. लग्नातल्या लाजाहोमात वधू अग्नीत ज्या लाह्या वाहते त्या साळीच्या, म्हणजे सालीसकट भाताच्या. लक्ष्मीपूजनाला बत्ताशांबरोबर ठेवतात त्याही साळीच्याच. उपासाला राजगिऱ्याच्या लाह्यांच्या वड्या आणि लाडू. आणि नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या. त्या दिवशी अनेक घरांत चिरणं-कापणं करत नाहीत, तवा चुलीवर ठेवत नाहीत. म्हणून लाह्या आदल्या दिवशीच फुटलेल्या असतात. नागाला नैवेद्य दूध-लाह्यांचा, घरच्यांना लाह्या, फुटाणे आणि लाह्यांचं पीठ.

ज्वारीच्या लाह्या करायची जुनी रीत पाहिली की व्हिरो-पोनोमारेंकोंचा निबंध आजीच्या हाताला आधीच ठाऊक होता, असं म्हणावंसं वाटतं. ज्वारी निवडून गरम पाण्यातून काढायची, पाणी पूर्ण निथळू द्यायचं आणि ओलसर दाणे फडक्यात घट्ट बांधून रात्रभर ठेवायचे. सकाळी वरचा ओलावा सुकेल इतपत सावलीत पसरायचे. हे सगळं कशासाठी, तर दाण्याच्या पोटात हवं तेवढं पाणी मुरावं आणि बाहेरून तो कोरडा राहावा यासाठी. मग लोखंडी कढई चांगली सणसणीत तापवायची, तीत मूठभरच दाणे टाकायचे आणि फडक्याच्या बोळ्याने भरभर फिरवायचे. जास्त टाकले तर कढईचं तापमान उतरतं आणि गणंग वाढतात. तडतड सुरू झाली की झाकण, तडतड थांबली की लगेच परातीत. शेवटी चाळणीने चाळून गणंग वेगळे. ते दळून घ्यायचे किंवा पाखरांना टाकायचे, वाया काही जात नाही. भडभुंज्याच्या भट्टीवर हेच काम तापलेल्या वाळूत होतं, कारण वाळू दाण्याला चहूबाजूंनी सारखी उष्णता देते.

लाहीसाठी कोणतीही ज्वारी चालत नाही, हेही जुन्या शेतकऱ्यांना माहीत असे. लहान, गोल, टणक दाण्याची ज्वारी लागते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने खास लाह्यांसाठी ‘फुले पंचमी’ नावाचा वाण दिला आहे. मक्यातही आपल्याकडचे पॉपकॉर्नचे वाण आहेत. अल्मोड्याच्या विवेकानंद पर्वतीय कृषी संस्थेचं ‘व्हीएल अंबर पॉपकॉर्न’ हे त्यांतलं एक. ज्वारीची लाही मक्याहून बरीच लहान, पण सालीचे टरफल दातांत अडकण्याचा त्रास तिच्यात कमी. चिवडा करायचा असेल तर मी मक्याच्या आधी तिलाच पसंती देईन.

आता आरोग्याचं. पॉपकॉर्न हे संपूर्ण धान्य आहे. मैद्यासारखा कोंडा काढलेला नाही, साल-अंकुर सगळं पोटात जातं. तेलाशिवाय, नुसत्या गरम हवेवर फुलवलेल्या १०० ग्रॅम पॉपकॉर्नमध्ये सुमारे ३८७ कॅलरी, १३ ग्रॅम प्रथिनं, साडेचार ग्रॅम स्निग्धांश आणि १४ ग्रॅमहून जास्त तंतू असतात. १०० ग्रॅम बटाट्याच्या वेफर्समध्ये कॅलरी ५०० च्या वर आणि तेल ३५ ग्रॅमच्या आसपास. पण खरी गंमत वजनात नाही, आकारमानात आहे. तीन कप भरून पॉपकॉर्नचं वजन २५ ग्रॅमसुद्धा भरत नाही आणि त्यात कॅलरी नव्वदेक. मोठी वाटी समोर असते, हात बराच वेळ चालू राहतो आणि पोटात त्या मानाने थोडं जातं. संध्याकाळी सहाला मुलं शाळेतून-क्लासमधून येतात आणि जेवायला दीड-दोन तास असतात, त्या वेळेला हे खाणं नेमकं बसतं.

सालीबद्दल आणखी थोडं. दातांत अडकते म्हणून जिला आपण शिव्या देतो, त्या सालीतच तंतू आणि पॉलिफेनॉल ही उपयुक्त द्रव्यं एकवटलेली असतात. स्क्रॅन्टन विद्यापीठातल्या जो व्हिन्सन या रसायनशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये हे मोजून दाखवलं. त्यावरून ‘पॉपकॉर्न फळांपेक्षा श्रेष्ठ’ असे मथळे झळकले, ते मात्र मनावर घेऊ नयेत. फळांतली जीवनसत्त्वं पॉपकॉर्नमध्ये नाहीत. आतड्याच्या भिंतीला पिशव्या येण्याचा विकार असलेल्यांना पूर्वी डॉक्टर पॉपकॉर्न वर्ज्य सांगत. २००८ मध्ये ४७ हजारांहून अधिक पुरुषांच्या दीर्घकालीन पाहणीत पॉपकॉर्नमुळे हा त्रास वाढत असल्याचं दिसलं नाही.

इतकं असूनही पॉपकॉर्न बदनाम झालं ते त्याच्यावर ओतलेल्या गोष्टींमुळे. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या सेंटर फॉर सायन्स इन द पब्लिक इंटरेस्ट या ग्राहकसंस्थेने चित्रपटगृहांतलं पॉपकॉर्न तपासलं. खोबरेल तेलात फुलवलेल्या मध्यम पुडीत ३७ ग्रॅम संपृक्त चरबी निघाली. दिवसभराची मर्यादा त्या वेळी २० ग्रॅम धरली जात होती. मका तोच, फक्त तेल वेगळं आणि सढळ. कॅरमलच्या बाबतीत साखर हेच करते. आपल्या करखात्यालाही हा फरक मान्य आहे. डिसेंबर २०२४ च्या जैसलमेरच्या बैठकीनंतर सुट्या खारट पॉपकॉर्नला ५ टक्के, पाकीटबंदाला १२ आणि कॅरमलला १८ टक्के जीएसटी असल्याचा खुलासा झाला आणि देशभर विनोदांना ऊत आला. सप्टेंबर २०२५ पासून खारट पॉपकॉर्न सुटं असो वा पाकीटबंद, ५ टक्क्यांत आलं. कॅरमल १८ वरच राहिलं, कारण साखर चढली की ती मिठाई. माझ्या मते या एका बाबतीत करखात्याचं पथ्य आहारतज्ज्ञाच्या पथ्याशी जुळतं.

घरी करताना जाड बुडाची कढई किंवा पातेलं घ्या. चमचाभर शेंगदाण्याचं तेल, मध्यम आच. आधी तीनच दाणे टाका. ते फुटले म्हणजे तेल तापलं. मग तळ एका थराने झाकला जाईल इतकेच दाणे घाला, आच क्षणभर बंद करून अर्धा मिनिट ढवळा आणि पुन्हा पेटवा. त्यामुळे सगळे दाणे एकाच तापमानाला येतात आणि जवळजवळ एकदम फुटतात. झाकण किंचित तिरकं ठेवावं. वाफ कोंडली तर फुललेलं पॉपकॉर्न चिवट होतं. दोन फटाक्यांमध्ये दोन-तीन सेकंदांचं अंतर पडू लागलं की उतरवायचं. एकेका दाण्याच्या आशेने थांबलात तर बाकीचे करपतात. हळद तेलातच घालावी. मीठ मात्र मिक्सरमधून फिरवून अगदी बारीक केलेलं आणि शेवटी. जाडं मीठ चिकटत नाही, तळाशी जातं. मग मीठ कमी वाटतं म्हणून आपण आणखी घालतो. चवीसाठी मेतकूट, मिरपूड, भाजलेल्या जिऱ्याची पूड, कोरडी लसूण चटणी यांतलं काहीही चालेल. मेतकूट आणि चमचाभर तूप ही जोडी एकदा करून पाहाच.

मुलं घरात असतील तर कढईवर काचेचं झाकण ठेवा आणि एक छोटा प्रयोग त्यांच्याकडून करून घ्या. दाण्यांचे तीन सारखे वाटे करायचे. एक जसाच्या तसा. दुसऱ्यातल्या प्रत्येक दाण्याच्या सालीला मोठ्या माणसाने सुरीच्या टोकाने चीर द्यायची. तिसरा वाटा दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरून सुकवायचा. मग एकेक वाटा वेगळा फुलवायचा आणि गणंग मोजायचे. चीर पडलेल्यांतून वाफ निसटते, सुकलेल्यांत वाफेला पाणीच कमी पडतं. पुस्तकातलं दाबाचं आणि तापमानाचं प्रकरण मुलांना यातून जेवढं कळतं तेवढं फळ्यावर कळत नाही. सुकलेले दाणे फेकू नयेत. बरणीत घालून वर चमचाभर पाणी शिंपडायचं, घट्ट झाकण लावून अधूनमधून हलवत तीन-चार दिवस ठेवायचं. ते पुन्हा फुटू लागतात. एरवीही दाणे हवाबंद डब्यातच ठेवावेत.

प्रयोग सगळ्यांनी पाहावा, पण वाटी सगळ्यांच्या हाती देऊ नये. चार वर्षांखालच्या मुलांना पॉपकॉर्न देऊ नका, असं अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना स्पष्ट सांगते. कच्चा किंवा अर्धवट फुटलेला दाणा आणि कडक साल लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकते. धावता-खेळता, हसता-हसता खाताना तर हा धोका आणखी वाढतो. मोठ्या मुलांनाही बसून खाऊ घाला आणि तळाचे गणंग वाटीत येऊ देऊ नका. घरातलं शेंडेफळ हट्टच करत असेल तर त्याच्यासाठी ज्वारीच्या लाह्यांचं बारीक चाळलेलं पीठ दुधात कालवा, किंचित गूळ घाला आणि चमच्याने भरवा.